पाऊण तुकडा हिरवा

मार्जरी नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाला कायमची गेली, ते वर्ष सहासष्टचं. जानेवारीतल्या एका सकाळी तिचा बाप, सेप ब्लेन्किन, तिला पोचवायला बसथांब्यापर्यंत गेला. स्टेशनापर्यंत गेला नाही, कारण बसमधून उतरल्यावर पुढे चढ होता. चढ लागला की त्याच्या छातीत लोहाराचा भाता चालावा तसा आवाज व्हायचा आणि लेकीच्या कानात बापाचा शेवटचा आवाज तो राहावा, हे त्याला नको होतं. पुढे एटी गेली, त्याची बायको, दोन्ही हातांत नातवंडांच्या पिशव्या घेऊन.

त्यांच्या स्कारथॉर्प गावातली लोहखनिजाची खाण बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सेपने तिच्यात बेचाळीस वर्षं काढली होती. खाण गेली, पण तिची धूळ त्याच्या छातीतच राहिली. वय अठ्ठावन्न, आणि चालणं सत्तरीच्या माणसाचं.

त्याच्याजवळ आता एकच गोष्ट उरली होती. रेल्वेच्या जुन्या बांधाखाली बाग-सोसायटीची जमीन होती. तिचे साठ तुकडे करून गावातल्या माणसांना वर्षाच्या कराराने दिलेले होते. त्यातला एकविसावा सेपचा. तीस पावलं लांब, दहा पावलं रुंद, कोपऱ्यात जुन्या दारांच्या फळ्या ठोकून केलेलं खोपटं. त्याच्या आधी तो त्याच्या बापाचा होता. बापाने एका सप्टेंबरात, आता होत नाही, असं म्हणून तुकडा सोडला, घरी येऊन खुर्चीत बसला आणि नाताळच्या आत गेला. गावात असं एकट्या त्याच्या बापाचंच झालं होतं असं नाही. कुणी तुकडा सोडल्याचं कळलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. सेप या गोष्टीवर कधी बोलत नसे, पण त्याचा त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

सोसायटीचा नियम असा, की ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी समितीचे तीन जण पाहणीला येणार आणि त्या दिवशी तुकड्याचा पाऊण भाग पिकाखाली दिसला पाहिजे. कमी भरला तर ताकीद. लागोपाठ दुसऱ्या वर्षी कमी भरला तर तुकडा गेला. मागल्या वर्षी सेपचा निम्मा तुकडा उघडा पडला होता. ताकिदीचा कागद घेऊन चिटणीस वॉल्टर नेस्बिट स्वतः घरी आला होता. वीस वर्षं तो खाणीत सेपचा जोडीदार होता. एकाच डब्यातली भाकर दोघांनी खाल्लेली. त्याने कागद टेबलावर पालथा ठेवला.

"तुकड्यासाठी तीस जण यादीत थांबलेत, सेप," तो म्हणाला. "नावं वाचून दाखवू? सगळे आपलेच आहेत. खाण बंद झाल्यापासून हात मांडीखाली घेऊन बसलेत."

सेप म्हणाला, नको वाचू. यादीतल्या प्रत्येकाचा आवाज त्याला अंधारातही ओळखू आला असता.

त्या भागात पुरुषाने लावायचं पीक म्हणजे लीक. कांद्याच्या जातीचा, मनगटाएवढ्या बुंध्याचा. शरदात त्याचं प्रदर्शन भरायचं आणि ज्याचा लीक पहिला, तो वर्षभर मान वर करून चालायचा. पण लीकला गुडघाभर खोल चर लागतो. सेपने चार फावडी माती उचलली की पाव तास बादलीवर बसावं लागायचं. बटाट्याच्या चार ओळी एटीने लावून दिल्या. बाकीचं रान तसंच काळं पडून होतं.

एप्रिलमध्ये मार्जरीचं पहिलं पत्र आलं. तिथे रविवारी मटणाबरोबर लाल भोपळा भाजून खातात, तो वेल अंगणभर पसरतो आणि त्याला बघावंही लागत नाही, असं तिने लिहिलं होतं. पातळ कागदाच्या घडीत सहा बिया होत्या. एटीने पत्र दोनदा वाचलं. सेपने बिया तळहातावर घेतल्या आणि एवढंच विचारलं, की किती पसरतो म्हणाली?

एटीने वाचून दाखवलं. अंगणभर.

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. खणायचे सहा खड्डे. एकेक वेल पाच-सहा पावलं सगळीकडे धावला, तर पाऊण तुकडा पानांनी झाकून जाईल. नियमात पीक म्हटलं होतं, कुठलं पीक ते म्हटलं नव्हतं. भोपळा लागो न लागो. त्याला पानं हवी होती.

सहा बिया त्याने सहा कुंड्यांत लावून खोपट्यात खिडकीखाली ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गेला तर दोन कुंड्या उकरलेल्या, मातीवर बियांची सालं. उंदराने सोलून गर तेवढा नेला होता. राहिलेल्या चार कुंड्या त्याने कोटाखाली घालून घरी आणल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या. एटीला आपल्या भांड्यांची जागा गेली म्हणून राग आला, पण रोपं वर आली तेव्हा रोज सकाळी तीच त्यांना फिरवून ठेवायची, म्हणजे ती उजेडाकडे एकाच बाजूला वाकायची नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही रोपं रानात गेली. शेजारच्या बाविसाव्या तुकड्यावर आल्बी थॉम कबुतरं पाळायचा, शर्यतीची. तो कुंपणावर कोपर टेकून बघत होता.

"घोड्याचं खाणं लावलंस, सेप. घोडा कुठाय?"

"घोडा इथंच उभाय," सेप म्हणाला. "धाप लागलीय म्हणून खिंकाळत नाही."

आल्बी हसला. त्या वेळी दोघांचं बरं होतं.

मार्जरीने लिहिलं नव्हतं ते हे, की भोपळ्याला पाणी फार लागतं. नळ वर फाटकापाशी होता, तुकडा खाली, आणि सोसायटीत रबरी नळी लावायला बंदी होती. भरलेली झारी घेऊन खाली येणं सेपला एकदा जमायचं. रिकामी घेऊन वर जाणं एकदाही जमायचं नाही; घरीसुद्धा तो खालच्या सपाट वाटेने, लांबून जायचा. म्हणून पाणी एटी आणायची. रोज संध्याकाळी चहा झाला की ती डोक्याला रुमाल बांधायची आणि दोन झाऱ्या घेऊन निघायची. वेलाला दोन, म्हणजे आठ झाऱ्या. उन्हाच्या दिवसांत बारा. ती खाली यायची तेव्हा तिचे ओठ जांभळट दिसायचे आणि घरी गेल्यावर घोटे बुटांच्या कडेवरून फुगून आलेले असायचे. सेपला ते दिसायचं. एकदा तो म्हणाला, आज राहू दे. ती म्हणाली, तू खुर्चीत बसलेला मला बघायचा नाही. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही.

वेल धावले. जुलैत रोज हातभर धावत होते, ताटाएवढी पानं वर उघडत होती. आणि वेल धावले तसे उंदीरही आले. आल्बीच्या कबुतरखान्याखाली त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं बिऱ्हाड होतं, कबुतरांच्या मक्यावर पोसलेलं. आता त्यांना वर पानांचं छप्पर मिळालं. दिवसाढवळ्या पानांखालून सळसळ ऐकू यायची. मुठीएवढं फळ धरलं की दुसऱ्या दिवशी त्याला दातांच्या खाचा. फळांचं सेपला फार वाटत नव्हतं. पण उंदरांनी देठ कुरतडायला सुरुवात केली तेव्हा त्याचं काळीज हललं. देठ तुटला की पुढचा पाच हात वेल दुपारपर्यंत चिंधीसारखा पडायचा.

त्याने जे जे माहीत होतं ते केलं. होली नावाच्या काटेरी झुडपाची पानं बिळांत कोंबली. बिस्किटांचे डबे कापून वेलांच्या बुंध्यांना पत्र्याच्या कॉलरी केल्या. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या टाकल्या. दोन सापळे लावले. एकात उंदीर सापडला, दुसऱ्यात आल्बीचं कबूतर. मेलं नाही, पण पाय गेला. तिथपासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं नातं झालं.

आल्बीने विष घालायला मनाई केली, आणि सोसायटीचा नियमही त्याच्याच बाजूचा होता. सेप म्हणाला, मग तुझा मका उघडा सांडतोस तो बंद कर. आल्बी म्हणाला, माझी कबुतरं तुझ्या वेलांच्या आधीपासून आहेत आणि नंतरही असतील. हे 'नंतर' सेपला लागलं.

तीस जुलैला सगळं गाव टीव्ही असलेल्या घरांत दाटीवाटीने बसून फुटबॉलचा विश्वचषक बघत होतं. बागेत एकटा सेप होता, मांडीवर काठी घेऊन. घराघरांतून ओरडण्याचे आवाज येत होते. त्याच्या समोर एक जाडजूड उंदीर वेलावर बसून सावकाश कुरतडत होता, सेप उठून पोचायच्या आत आपलं काम उरकता येतं हे त्याला ठाऊक असल्यासारखा. सेप उठला, आणि उंदराने खरोखरच काम उरकलं.

तरीही ऑगस्टच्या मध्यावर तुकडा हिरवा होता. पाऊण नसेल, पण पाऊणाच्या अगदी जवळ. वॉल्टर फाटकातून जाता जाता मुद्दाम खाली उतरून आला. पानांवर नजर फिरवली आणि टोपी मागे सारली.

"लेका, हे तू नियमाला टोपी घातलीस."

"पीक आहे. म्हण, नाही म्हणून."

"मी कशाला म्हणू? एवढं टिकव अठ्ठावीसपर्यंत. पुढं हवं तर सगळं जळू दे."

त्या संध्याकाळी सेप घरी जाताना शीळ घालत होता. शीळ फुटत नव्हती, नुसती हवा येत होती, पण एटीला ती कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अख्खा वेल मेला. उंदरांनी बुंध्याला खालून, मुळातूनच तोडलं होतं. पत्र्याची कॉलर तशीच चकचकीत उभी. तुकड्याचा कोपराच्या कोपरा उघडा पडला. पाहणीला तेरा दिवस होते. राहिलेले तीन वेल त्या जागेवर वळवून घेतले तर भरून निघालं असतं, पण तिघांतला आणखी एक गेला तर काही उरलं नसतं.

तेव्हा सेपने जिन्याखालून जुना डबा काढला. खाणीत डोक्यावरच्या दिव्यात कार्बाइडचे खडे घालायचे आणि वरून थेंबथेंब पाणी सोडायचं. त्यातून जो वायू निघायचा त्यावर दिवा जळायचा. त्या खड्यांचा अर्धा डबा त्याने जपून ठेवला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एटी म्हणाली, ते विषच झालं की. तो म्हणाला, नियमात विष म्हटलंय. हा उजेड आहे.

बेचाळीस वर्षांचं शिक्षण त्याने त्या दिवशी पणाला लावलं. बिळं त्याला बिळं दिसेनात, बोगदे दिसायला लागले. जुन्या पोत्याचा तुकडा पेटवून त्याचा धूर एका भोकात सोडला आणि तो कुठून बाहेर येतो ते बघत राहिला. एकूण अकरा तोंडं निघाली. वारा कुठून शिरतो, कुठे फुटतो, हे खाणीतल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. प्रत्येक तोंडात त्याने मूठमूठ खडे ढकलले, एटीने आणलेलं पाणी वरून ओतलं आणि लगेच ओली चिकणमाती ठोकून तोंड लिंपलं. इतकं पक्कं लिंपलं की कुठूनही श्वासभर हवा बाहेर येऊ नये. लसणासारखा उग्र वास क्षणभर आला आणि बंद झाला. खाणीत भिंत घालावी तशी ती लिंपणं होती. हे काम त्याच्याहून चांगलं करणारा माणूस गावात नव्हता.

दोन दिवस एकही उंदीर दिसला नाही. आल्बीच्या बाजूला मात्र ते दिवसा उजेडी पळताना दिसले. सेपने आल्बीला कुंपणावरून हात केला. आल्बीने केला नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, वेलांची खालची पानं पिवळी दिसली. सेप गुडघ्यावर बसला. बुंध्याजवळची माती बोटांनी उकरून नाकाशी नेली. तोच लसणाचा वास. वायूला बाहेर जायला त्याने वाटच ठेवली नव्हती. तो मुळांत कोंडून बसला होता. खाणीत कोंडलेल्या वायूने काय होतं ते त्याला माहीत होतं. भोपळ्यालाही मुळं असतात आणि मुळांनाही हवा लागते, हे त्याला सुचलं नव्हतं. त्याने लिंपणं फोडली. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या संध्याकाळी एटीने पानं बघितली आणि म्हणाली, तहानलेत. ऊन फार आहे.

सेपने तोंड उघडलं होतं. पण तिने झाऱ्या उचलल्या होत्या, आणि ती झाऱ्या घेऊन चढ चढत होती तोवर सगळं संपलेलं नाही, असं त्याला वाटत होतं. तो गप्प बसला. गुरुवारी गप्प बसला, शुक्रवारीही बसला. पिवळं वरवर सरकत गेलं, पानं कडांनी वळली. रोज एटी झाऱ्या वाढवत होती. एक आठवडा तसाच गेला.

सत्तावीस ऑगस्टला, शनिवारी, ती जेवण उरकून दुपारीच आली आणि संध्याकाळपर्यंत पाणी आणत राहिली. सेप बादलीवर बसून मोजत होता. पंचविसाव्या झारीनंतर ती दर खेपेला मध्ये थांबून कुंपणाला धरायला लागली. आल्बीसुद्धा बघत होता. शेवटी तोच पलीकडून म्हणाला, "सेप, अरे थांबव तिला." सेपने त्याच्याकडे बघितलं नाही. चाळीस झाल्या तेव्हा ती पालथ्या घातलेल्या पेटीवर बसली. मग म्हणाली, "उठतील आता."

रविवारी चॅपलमधली प्रार्थना सुटल्यावर तिघे आले. वॉल्टर पुढे, हातात वही. मागे समितीचे दोघे, चांगल्या कोटातले. सेपनेही चांगला कोट घातला होता. एकविसाव्या तुकड्यावर बटाट्याच्या चार ओळी हिरव्या होत्या. बाकी सगळीकडे तपकिरी पानं, ओल्या मातीला चिकटलेली. पानं गळाल्यामुळे एक भोपळा उघडा पडला होता, डोक्याएवढा. कोटातल्या एकाने तो बुटाने हलवला तर गडगडला. खालून पोखरून रिकामा केलेला होता.

वॉल्टरने वहीची पानं मागे-पुढे चाळली. मग म्हणाला, पीक आहे खरं. वाळलेलं असेल, पण लावलेलं पीक आहे. नियमात वाळलेलं नको असं कुठं म्हटलंय?

मागच्या दोघांतला एक हळूच म्हणाला, की नियमात वाढतं पीक असं लिहिलंय. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा भाऊ यादीत होता.

"काल चाळीस झाऱ्या घातल्यात मी," एटी म्हणाली. "एका दिवसात कसं दिसेल? बुधवारपर्यंत थांबा."

वॉल्टरने सेपकडे बघितलं.

"मेलंय, वॉल्टर," सेप म्हणाला. "लिही."

वॉल्टरने लिहिलं. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा दुसऱ्याने आपली पेन्सिल दिली.

घरी जाताना सेप आणि एटी सपाट रस्त्याने, लांबून गेले. तिला धाप लागत होती आणि त्यालाही. पाववाल्याच्या दुकानाशी दोघं थांबली.

"पाण्याने उठणार नव्हते ते," सेप म्हणाला. "मुळं गेली होती. माझ्या कार्बाइडने."

"तुला कधी कळलं?"

"त्या बुधवारी."

"कुठल्या?"

"त्या. मागल्याच्या मागल्या."

एटी दुकानाच्या बंद काचेत बघत उभी राहिली. तिने रुमाल सोडला, नीट घडी केली आणि पुन्हा बांधला.

"मग कालच्या चाळीस?" तिने विचारलं.

घरी जाऊन तिने बटाटे शिजत घातले. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी चांगलीच वागली. चहा वेळेवर दिला, मार्जरीचं पत्र आलं की वाचून दाखवलं. पण 'तू खुर्चीत बसलेला मला बघायचा नाही,' असं ती पुन्हा म्हणाली नाही, आणि तो खुर्चीत बसला तरी तिने बघितलं नाही.

एकोणतीस सप्टेंबरला सेपने खोपट्याची किल्ली वॉल्टरच्या हातात दिली. फावडं आणि माती खणायचा काटा नव्या माणसाला राहू दे म्हणाला. नवा माणूस पस्तिशीचा होता. त्याने पहिल्याच आठवड्यात लीकसाठी चर खणला. आल्बीने कबुतरखान्याखाली काँक्रीट ओतून घेतलं. उंदीर बांधाकडे गेले असं म्हणतात.

सेप नाताळपर्यंत टिकणार नाही असं गावाने धरलंच होतं. त्यानेही धरलं होतं. ऑक्टोबरात त्याने वॉल्टरला बोलावून शवपेटी कोणकोण उचलेल त्यांची नावं सांगून ठेवली.

एटी ब्लेन्किन नऊ नोव्हेंबर एकोणीसशे सहासष्टला, बुधवारी सकाळी, कोळशाची बादली आत आणताना मागच्या दारात पडली आणि तिथेच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस थकलेलं असणार. तिचं वय सत्तावन्न होतं. मार्जरीला तार पोचली, पण येणं झालं नाही. सेप ब्लेन्किन त्यानंतर साडेसहा वर्षं जगला. तो त्र्याहत्तरच्या मे महिन्यात गेला.